तिकिटाची कड

बाबांनी विचारलं नाही, डोंगर कसा होता.
जेलरोडच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची ओढून
मटार सोलत होते, एक दाणा तोंडात, चार पातेल्यात.
मी सॅक कोपऱ्यात टेकवली.
तिला अजून याकच्या शेणाच्या धुराचा वास येत होता.
म्हणाले, "पोस्टात गेलतीस का?"

गेले होते.

लुकलाचं विमान चक्क वेळेवर सुटलं
आणि काठमांडूत दोन दिवस उरले,
जसे पाकिटाच्या आतल्या कप्प्यात पैसे उरतात.
खैरनार ठमेलात गरम पाण्याखाली उभा राहिला
तो जेवायलाच बाहेर आला.
गांगुर्डे वहिनींनी सहा शाली घेतल्या, सहाही सारख्या.
माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं,
म्हणून चपला घालून एकटीच निघाले,
गल्ल्यांना म्हातारी वाटले असेन.

असनला सहा वाटा येऊन मिळतात.
कुठलीही धरा, आधी पितळ लागतं,
मग सुकी मिरची, मग देव.
शेंदूर इतका, की देवाचा चेहरा
आत कुठेतरी राहायला गेलेला.
क्षणभर भांडीबाजारातच आल्यासारखं झालं,
फक्त इथे पाय आपोआप गोदेकडे उतरेनात,
आणि मान वर केली तर
ज्याच्या पायथ्याशी आठ दिवस श्वास मोजले
त्याचाच कुणी भाऊबंद
विजेच्या तारांवर वाळत घातलेला.

पोस्टामागच्या बोळात रत्नमान शाक्यांचं दुकान.
दुकान म्हणजे एक उंबरा आणि बिस्किटांचे तीन डबे.
मी हिंदीत विचारलं,
डोंगराचं तिकीट आहे का, जुनं, नाशिकला छापलेलं?
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"नासिक," म्हणाले,
जसं कुणी बंद पडलेल्या घड्याळकंपनीचं नाव घ्यावं,
आदरानं, आणि जरा उशिरा.

बाबा भोकांच्या खात्यात होते. एकतीस वर्षं.
ताव सरकवायचा, खट्,
डोंगराच्या चारी अंगांना सुयांची रांग.
भोंगा झाला की गेटवर हात वर, खिसे उलटे,
डब्यातल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून दाखवायची.
लाखांनी हिमालय हातांखालून गेले
आणि घरात एकही नाही.
यायचे ते फक्त गोल ठिपके,
कॉलरच्या शिवणीत अडकलेले.
आई मोरीत शर्ट झटकायची, पुटपुटत.
पाचवीत असताना मी ते बशीत जमवले होते.
बाहुलीच्या घरावर बर्फ पाडायला.

आता पाकीट त्यांच्या हातात आहे.
कुणा कृष्णमायाला कुणीतरी धाडलेलं,
शिक्का पुसट, डोंगर निळा, बोटाच्या पेराएवढा.
मांडीवरची टरफलं खाली पडली.
त्यांनी हात लुंगीला पुसले. परत पुसले.
अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, खालून वर,
ओठ हलत होते, मोजत होते,
आणि डाव्या कोपऱ्यापाशी थांबले.

"हे बोराडेच्या मशीनचं.
त्याची एक सुई आखूड होती.
साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही."

हसले. दात काढून ठेवलेले,
त्यामुळे हसू सगळीकडे पसरलं.
मग पाकीट उजेडाकडे धरलं.
खाली बिटकोकडे जाणाऱ्या रिक्षा ओरडत होत्या.
मला वाटलं, आता तरी विचारतील,
थंडी केवढी, चढ केवढा, नख कशानं गेलं.

"डिंक बघ," म्हणाले. "साठ वर्षं झाली.
एक कोपरासुद्धा सुटला नाही."

मी खाली बसले, उरलेला मटार ओढून घेतला.
खिशात शाक्यांची पावती होती,
आकडे नेपाळी, म्हणजे आपलेच,
त्यांना चष्म्याशिवायही वाचता आले असते.

"कितीला पडलं?"
मी अर्धेच सांगितले.
"फसवलं तुला," बाबा म्हणाले,
पाकीट मात्र परत दिलं नाही.